आठनंतर दहा

सर,

तुम्ही गेल्यावर विद्यापीठाच्या पानावर जो श्रद्धांजलीचा मजकूर आला, तो मी लिहिला. प्रसिद्धी विभागात माझं कामच ते. दुपारी बारापर्यंत हवा होता, मी अकरालाच दिला. त्यात एक वाक्य आहे: ‘आपल्या लाडक्या खेळाडूंच्या सान्निध्यात, मैदानावरच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.’ आमच्या विभागप्रमुख मॅडमना ते वाक्य फार आवडलं. तुमच्या फोटोच्या फ्लेक्सवर खाली तेच टाकलं.

मैदानावर तुमच्याजवळ कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. सकाळी साडेसहाला फक्कीची बादली घेऊन तुम्ही एकटेच गेला होतात, दहाच्या ट्रायलसाठी पांढऱ्या रेषा मारायला. मुली हॉस्टेलमध्ये होत्या. वॉचमनला तुम्ही सव्वासातला दिसलात, गोलच्या उजव्या बाजूला, पालथे. रेषा तिथपर्यंत आली होती. तुम्हाला नेल्यावर कुणीतरी उरलेली रेषा पूर्ण केली आणि ट्रायल दहालाच सुरू झाली. लांबून मुली आल्या होत्या, त्यांना परत पाठवणं बरं दिसलं नसतं. हे मी कुठं लिहिलेलं नाही.

मी तुम्हाला आजवर मराठीत काहीच लिहिलं नव्हतं. फोनवर मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि तुम्ही बोलून पाठवायचात, मागे बहुतेक वेळा प्रेशर कुकरचा किंवा ट्रकचा आवाज. ‘तुझं मराठी मला चष्मा लावून बी कळत न्हाई,’ असं एकदा म्हणाला होतात. म्हणून आता देवनागरीत लिहितेय. वेळ लागतोय.

मला तुमच्याबरोबर पाठवलं त्याचं कारण साधं होतं. विद्यापीठाला मुलींचा फुटबॉल संघ उभा करायचा होता, प्रशिक्षक तुम्ही, आणि मुलीच्या घरी पुरुषानं एकट्यानं जाऊन ‘पोरगी आमच्याकडे पाठवा’ म्हणणं कुणालाच चाललं नसतं. विभागातल्या बाकीच्या दोघींनी उन्हाचं कारण सांगितलं. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी आले. पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये तुम्ही आधी माझ्या चपला बघितल्यात.

“ह्या चपलांवर जिने चढणार व्हय तू?”

मी म्हणाले की मला लोकांशी फारसं बोलता येत नाही.

“बोलायला मी हाय की. तू नुसती बस. तुला बघून आयांना वाटलं पायजे, आपली पोरगी चार वर्षांनी अशी हुईल.”

मला ते लागलं. म्हणजे मी छापील पत्रकासारखीच एक वस्तू, फक्त बसलेली. थेरगावला घरी गेल्यावर आईला सांगितलंसुद्धा, की तो माणूस उद्धट आहे. पुढचे कित्येक गुरुवार मी तुमच्या मागे स्कूटीवरून हिंडणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

गुरुवार तुम्ही ठरवला होता. भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी, त्या दिवशी मुलींचे वडील घरी सापडतात. रविवारी गेलं तर आई हो म्हणते आणि संध्याकाळी वडील नाही म्हणतात. ऑफिसनं मात्र शनिवारची आखणी केली होती, मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर सादरीकरण, वर नाश्ता. तीन मुली आल्या, त्यातल्या दोघी नाश्त्यासाठी. मग तुमचा गुरुवार मान्य झाला. तुमची जुनी मोटरसायकल पुढे, माझी स्कूटी मागे. तुम्ही डावा आरसा असा वाकवून घेतला होता की त्यात रस्ता दिसायचाच नाही, मी दिसायचे. मी सिग्नलला मागे राहिले की तुम्ही पुढे जाऊन कडेला उभे. कधी वळून बघितलं नाहीत, आरशातूनच.

पत्रकाच्या मुखपृष्ठावर हिरवंगार मैदान आहे, फ्लडलाइट्स आहेत. ते चित्र कॉम्प्युटरवर केलेलं आहे. आपलं मैदान मुरमाचं, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात किसणी. तुम्ही ते पत्रक कुणाच्या घरी सरळ उघडलं नाहीत. मुखपृष्ठ आत दुमडून मागचं पान पुढे करायचात, जिथं मेसचं वेळापत्रक आहे. मी एकदा म्हणाले की मैदान पुढच्या वर्षी होणारच आहे, दाखवायला काय हरकत आहे. सगळी विद्यापीठं असंच करतात.

“झालं की दाखवू. तुझं इंग्लिश लई गुळगुळीत हाय. त्याच्यावरनं माणूस घसरतो.”

तुम्ही कुणाला राष्ट्रीय संघाचं स्वप्न दाखवलं नाहीत. वडिलांना डिग्री सांगायचात. मुलीला, आई आत गेली की हळूच सांगायचात, की चार वर्षं लग्नाचं कुणी विचारणार नाही, ते माझ्याकडे लागलं. आणि आयांना बाथरूमच्या कड्या सांगायचात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पण प्रत्येक आई तोच प्रश्न विचारायची, आतून कडी आहे का, नीट लागते का. आणि तुम्ही खात्रीनं हो म्हणायचात, कारण तुम्ही रिकाम्या हॉस्टेलचे तिन्ही मजले फिरून एकेक कडी लावून बघितली होतीत. दोन सैल होत्या, त्या घरचं ड्रिल आणून स्वतः बसवल्या होत्यात. मी लिहिलेल्या पत्रकात हॉस्टेल ‘सर्व सोयींनी युक्त’ होतं.

मोजायची सवय तुम्हाला कंपनीतली. तपासणीच्या टेबलावर वीस वर्षं नग मोजले होतेत. जिन्याच्या पायऱ्या, बसमधल्या मुली, ताटातल्या पुऱ्या, सगळं तोंडातल्या तोंडात मोजलं जायचं. मला त्याची गंमत वाटायची. पुढे काय होईल हे माहीत असतं तर मी ती सवय जास्त लक्षात ठेवली असती.

आणि तुमचा एक नियम होता. शिष्यवृत्तीचा फॉर्म इंग्रजीत, चौदा कलमांचा. तो घरात सगळ्यांसमोर मराठीत मोठ्यानं वाचल्याशिवाय तुम्ही सही घेऊ द्यायचा नाहीत. ऑफिसमध्ये यावर तुमची चेष्टा व्हायची, की सर कथा वाचून येतात, आता प्रसादही द्या. तुम्ही स्वतः एकदा कंपनीत इंग्रजी कागदावर न वाचता सही केली होतीत आणि त्यानंतर घरी बसला होतात. एवढंच सांगितलंत, तेही एकदाच. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून वाचायचं काम माझं. मी खाली मान घालून वाचायचे. कागदात बघायचं असल्यामुळे मला ते सोपं जायचं. शेवटी तुम्ही मांडीवर हात ठेवून विचारायचात, “कुणाला काय इचारायचंय का?” आणि कुणी काही विचारेपर्यंत किंवा नक्की काही विचारायचं नाही असं दिसेपर्यंत थांबायचात. मला ती शांतता असह्य व्हायची. तुम्हाला नाही.

नववं कलम मला पहिल्यापासून ठाऊक होतं. फॉर्म मीच टाइप केला होता. खेळाडू कोणत्याही कारणानं एका सत्रापेक्षा जास्त काळ खेळू शकली नाही, तर पुढच्या सत्रापासून फी-माफी बंद. मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सगळीकडे असतं हे, आणि वाचतं कोण.

भोसरीतल्या एका घरी मी ते वाचलं. ती मुलगी गोलकीपर होती. तुम्ही तिच्यासाठी चार महिने चकरा मारल्या होत्या. तिच्या वडिलांनी पेन हातात घेतलेलं होतं. नववं ऐकून त्यांनी ते चटईवर ठेवलं.

“म्हंजे पाय मोडला का घरी?”

“तसं लिवलंय खरं,” तुम्ही म्हणालात.

संपलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, “बरोबर वाचलंस.” टपरीवर मला चहा घेतलात, स्वतःचा कप तसाच ठेवलात. परत जाताना आरशात तुमची नजर एकदाही आली नाही. दिवाळीनंतर त्या मुलीची लग्नपत्रिका तुम्हाला आली. तुम्ही ती माझ्या टेबलावर ठेवलीत आणि गेलात. ती पत्रिका मी जपून ठेवलीय. का, ते सांगता येणार नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काळेवाडीतली आरती.

तिचं घर म्हणजे दुकानांच्या वरची एक खोली आणि पुढं पत्र्याची गॅलरी. वडील बीडकडचे, भोसरीच्या कारखान्यात प्रेस मशीनवर. आई मेसमध्ये पोळ्या लाटायची. तुम्ही आरतीला शाळेच्या स्पर्धेत बघितलं होतंत आणि नंतर तिचे बूट मागून घेतले होतेत. दोन्ही बुटांचे तळवे सारखे झिजलेले. म्हणालात, दोन्ही पायांची पोरगी, अशी दहा वर्षांत एक मिळते. ऑफिसनंही त्याच आठवड्यात तुम्हाला सांगितलं होतं की जूनपर्यंत संघ पूर्ण झाला नाही तर मुलींचा फुटबॉल बंद करून ते पैसे क्रिकेटला द्यायचे. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. मी मीटिंगच्या टिपणात वाचलं होतं.

मी वाचत होते. आरतीची आई दाराशी बसली होती, आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. आठवं कलम हॉस्टेलच्या नियमांचं. खोलीत शेगडी वापरायची नाही, रात्री नऊनंतर बाहेर जायचं नाही, पाहुणे चालणार नाहीत. ते ऐकून ती एकदम हसली. म्हणाली, “ह्ये तर घरच्यासारखंच हाय बगा.” सगळे हसले. तुम्हीसुद्धा. तेवढ्यात चहा आला. मी कप घेतला. नववं कलम पानाच्या अगदी तळाशी होतं. मी पान उलटलं आणि दहावं वाचायला लागले.

कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. मला पुन्हा एक पेन चटईवर ठेवलेलं बघायचं नव्हतं. तुमचा तो न प्यायलेला चहाही. मी एक गोष्ट तुमच्यासाठी केली असं मला वाटलं आणि त्या संध्याकाळी मी जवळजवळ आनंदात घरी गेले, हेही लिहायला हवं.

तुम्ही विचारलंत, “कुणाला काय इचारायचंय का?” नेहमीपेक्षा लवकर विचारलंत. आरतीनं विचारलं, बूट कुठले मिळणार. वडिलांनी सही केली. तिच्या आईनं मला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही हाव म्हणून पाठवायलोय.

आरती दीड वर्ष खेळली. तुम्ही तिच्याकडे बघायचात तसं मी तुम्हाला दुसऱ्या कशाकडे बघताना पाहिलं नाही. तिचा फोटो आता नव्या पत्रकावर आहे. मागं तेच कॉम्प्युटरचं हिरवं मैदान लावलंय. खऱ्या मैदानावर, साध्या सरावात, तिचा पाय मुरमावरून सरकला आणि गुडघा आतून फाटला. ऑपरेशन झालं. वर्षभर खेळायचं नाही असं सांगितलं. सत्र संपलं आणि पत्र गेलं. पत्र माझ्या विभागातून नाही गेलं, पण आमच्याच लिफाफ्यात गेलं.

तिचे वडील गुरुवारी आले, इस्त्रीचा शर्ट घालून, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. तुम्ही झेरॉक्स मशीनपाशी उभे होतात, मी मशीनच्या पलीकडे. त्यांनी मला नमस्कार केला, मग तुम्हाला विचारलं, “सर, मॅडमनं समदं वाचलं होतं. मग ह्ये कामून नाही वाचलं?” तुम्ही कागदाकडे बघत राहिलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. मी कागदांचा गठ्ठा जुळवत होते, जुळलेलाच होता.

“बघतो मी,” तुम्ही म्हणालात.

तुम्ही बघितलंत. तीन महिने या केबिनमधून त्या केबिनमध्ये. मॅडमनी तुम्हाला माझ्यासमोर सांगितलं की सर, सही त्यांची आहे, आणि वाचून दाखवण्याची पद्धत तुमचीच. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचे ओठ हलत होते, काय मोजत होतात देव जाणे. आरतीनं कॉलेज सोडलं.

एकदा पार्किंगमध्ये तुम्ही हेल्मेट घालता घालता थांबलात. त्या वेळचं मला सगळं आठवतं. तुमच्या गाडीच्या सीटवर कुणीतरी मोगऱ्याची फुलं ठेवली होती, बहुतेक माळीकाकांनी.

“काय गं, ते नऊ नंबर आरतीच्या फॉर्मात आधीपासनंच होतं का?”

मी म्हणाले, “बघावं लागेल, सर.”

तुम्ही बराच वेळ उभे राहिलात. घरांमध्ये राहायचात तसेच, समोरचा काही विचारेल म्हणून. मी स्कूटीची किल्ली शोधत होते. ती हातातच होती.

“बघ मग,” म्हणालात, आणि गेलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. आणि त्यानंतर गुरुवारच्या फेऱ्याही तुम्ही बंद केल्यात. गुडघे दुखतात असं कारण दिलंत.

तेव्हा मी मनाशी म्हणायचे, यांना माहीत नाही. भोसरीनंतर ते कलम काढलं होतं आणि आरतीचा कागद मागाहून बदलला असं त्यांना वाटतंय, वाटू दे. विद्यापीठावरचा विश्वास तसाही त्यांचा कधी नव्हता. माझ्यावरचा राहू दे.

मोशीच्या घाटावर तुमचा दहावा झाला. मी एका बाजूला, बायकांच्या मागे उभी होते. तुमच्या मुलीला मी पहिल्यांदाच बघितलं, ती पण मोजल्यासारखे ओठ हलवते. भाषणं झाली. कुणी नगरसेवक बोलले, मग मॅडम बोलल्या आणि त्यांनी माझं ते वाक्य म्हटलं, खेळाडूंच्या सान्निध्यात. संघातल्या मुली तिथंच बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. मग पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. माझ्याशेजारच्या बाई म्हणाल्या, सुटला बिचारा, मागं काही राहिलं नव्हतं.

मी पूर्ण घाटावर आरतीच्या घरचं कुणी दिसतंय का ते बघत होते. कुणी नव्हतं. तुम्ही त्या घरात खोटे ठरून गेलात, हे मला तिथं उभं असताना नीट कळलं. तुमच्या दोन सैल कड्या, दुमडलेलं मुखपृष्ठ, घरात वाचल्याशिवाय सही नाही, हे सगळं असूनही त्या एका खोलीत तुम्ही आमच्यासारखेच ठरला होतात. आणि ते फक्त मी बदलू शकत होते.

पुढच्या गुरुवारी मी काळेवाडीला गेले. सवयीनं मी रस्ताभर पुढची मोटरसायकल शोधत होते.

आरती आता चाकणकडे पॅकिंगमध्ये आहे, कंत्राटावर. दुसरी पाळी होती, कंपनीची बस दोनला यायची, म्हणून ती घरीच होती. गुडघ्याला पट्टा बांधत बसली होती. आठ तास उभं राहावं लागतं, स्टूल देत नाहीत. तिनं मला या म्हटलं. तिच्या आईनं पाणी दिलं. वडील भिंतीला टेकून बसले होते.

मी वाक्य पाठ करून गेले होते. तरी ते नीट आलं नाही. मी म्हणाले की त्या दिवशी नववं कलम फॉर्ममध्ये होतं. कागद नंतर बदललेला नाही. मला ते दिसलं होतं आणि मी ते मुद्दाम वाचलं नाही. सरांना इंग्रजी येत नव्हतं. सरांची काही चूक नाही.

वडिलांनी मान हलवली. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही.

“सर येऊन सांगून गेलेत,” ते म्हणाले.

दिवाळीच्या आधी तुम्ही एकटेच तिथं गेला होतात. चटईवर बसायला तयार नव्हतात, दाराशीच उभे राहिलात. त्यांनी मला तुमचे शब्द सांगितले, त्यांच्या बोलीत: “सर म्हन्ले, मला इंग्रजी येत नाही, पर आकडे येतेत. पोरीनं आठनंतर दहा वाचलं, ते मला तवाच कळलं होतं. ती लहान हाय. मी थांबवायला पायजे होतं. मला तुमची पोरगी पायजे होती, म्हणून मी गप बसलो.”

मी पाण्याचा पेला हातात धरून बसले.

“मग मी म्हन्लो, ह्या घराचा उंबरा परत चढू नका,” वडील म्हणाले. “आन् ते गेलेच की. दहाव्याला कोणत्या तोंडानं येऊ?”

सर, मला तिथं रडू यायला हवं होतं. मला तुमचा राग आला. तुम्हाला माहीत होतं. आरतीचा पहिला गोल, तिचं ऑपरेशन, झेरॉक्स मशीन, प्रत्येक वेळी तुम्हाला माहीत होतं आणि मला तुम्ही एकटीला ते वागवू दिलंत. पार्किंगमध्ये तुम्ही मला दार उघडून दिलं होतंत, पण आत यायला सांगितलं नाहीत. एक शब्द बोलला असतात, की मला ठाऊक आहे, मीही गप्प बसलो, तर आपण दोघं मिळून या घरी आलो असतो. मग मला आठवलं की मीही एक शब्द बोलले असते तर. आपण दोघं एका आरशातून एकमेकांकडे बघत इतके गुरुवार हिंडलो आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला दिसत नाही. आज राग तेवढा नाही. पण गेलेलाही नाही. तुम्ही मला लहान म्हणालात याचाही आहे.

आरती पट्टा बांधायची थांबली होती. ती म्हणाली, “तुम्ही वाचलं असतं तर पप्पांनी सही केली नसती. मग माझं लग्न झालं असतं. दीड वर्ष खेळले, ते बरं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.” तिनं हे कुणाला दोष देत म्हटलं नाही आणि सोडूनही दिलं नाही.

तिची आई उठली. कपाटावरची ती प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

“वाचा,” ती म्हणाली.

मी म्हणाले, आता त्याचा काय उपयोग.

“त्या दिवशी राहिलं ना. आता वाचा.”

मी फॉर्म काढला. घड्यांवर फाटायला आला होता. पान उलटलं नाही. तळाचं नववं कलम मराठीत वाचलं, सावकाश, एकही शब्द मऊ न करता. मग दहावं आणि पुढचं सगळं, चौदाव्यापर्यंत. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, त्याच्यावर आवाज चढवून वाचलं. मला वाटतं मी आयुष्यात इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. शेवटी वडिलांची सही होती, साक्षीदार म्हणून तुमची, मराठीतली, आणि वाचून दाखवणारी म्हणून माझी, इंग्रजीत.

यंदाचे फॉर्म छापून आलेत, सर. कलम तेच आहे, आता सातवं झालंय. जूनपासून मला नव्या प्रशिक्षकांबरोबर घरोघर जायला सांगितलंय. मी हो म्हटलं आहे आणि हेही सांगितलं आहे की मी सगळं वाचणार. मॅडम हसल्या. कदाचित मला लवकरच दुसरं काम शोधावं लागेल.

पण त्या दिवशी, वाचून झाल्यावर, खोलीत ती शांतता झाली, तुमची. मला पुढं काय करायचं ते कळेना. मग मी मांडीवर हात ठेवला आणि विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. आणि थांबले. मला असह्य झालं, तरी थांबले.

वडील खाली बघत होते. आरतीनं घड्याळाकडे बघितलं, बसची वेळ होत आली होती.

तिच्या आईनं विचारलं, “शेवटाला सरांपाशी कुणी होतं का?”

मी लिहिलेलं वाक्य मला तोंडपाठ होतं.

“नव्हतं,” मी म्हणाले. “कुणी नव्हतं.”